मेरियनचा अकरावा होल : बॉबी जोन्स यांची कहाणी

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला आर्डमोर नावाचे उपनगर आहे. तेथील जुन्या दगडी घरांच्या आणि त्याहून जुन्या वृक्षांच्या सोबतीला, जेमतेम सव्वाशे एकरांत, मेरियन गोल्फ क्लबचा ईस्ट कोर्स वसलेला आहे. आजच्या मोठ्या स्पर्धांची मैदाने साडेसात हजार यार्डांच्या घरात गेली आहेत. त्यांच्या तुलनेत मेरियन आखूडच. १९७१ साली अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा येथे झाली तेव्हा त्याची लांबी ६,५४४ यार्ड होती. २०१३ साली तीच स्पर्धा पुन्हा आली, तेव्हा शक्य तेवढ्या टी मागे सरकवूनही आकडा ६,९९६ वर थांबला. इतक्या लहान मैदानाची आधुनिक खेळाडू चाळण करतील, अशी भाकिते त्या वेळी झाली होती. प्रत्यक्षात विजेत्या जस्टिन रोझलाही चार फेऱ्यांअखेर पारपेक्षा एक फटका जास्तच लागला.

या मैदानाला ताकदीचे फारसे अप्रूप नाही. चेंडू किती दूर गेला यापेक्षा तो नेमका कुठे थांबला, याचा हिशेब येथे मांडला जातो. फेअरवेच्या चुकीच्या बाजूला पडलेला चेंडू अगदी मोकळ्या हिरवळीवर असला तरी तिथून ग्रीनकडे जाणारी वाट झाडाने, बंकरने किंवा उताराने अडवलेली असते. भोकाची जागा दाखवण्यासाठी येथे निशाणाऐवजी काठीच्या टोकाला वेताची विणलेली टोपली असते, त्यामुळे वारा कोणत्या दिशेने वाहतो हेही खेळाडूला फडफडत्या कापडावरून कळत नाही. मैदान खासगी आहे. सभासदाचे बोट धरल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडच्या वाचकांना गंमत वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे, या संस्थेचे मूळ १८६५ साली स्थापन झालेल्या मेरियन क्रिकेट क्लबात आहे. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकी क्रिकेटची राजधानीच होती.

ईस्ट कोर्स १९१२ साली खुला झाला. तो आखणारे ह्यू विल्सन हे व्यवसायाने विमा क्षेत्रातले, क्लबचे एक सभासद. मैदाने आखणे हा त्यांचा धंदा नव्हता. हौशी माणसाने रचलेल्या या मैदानावर जगातील सर्वांत थोर हौशी गोल्फपटूच्या कारकिर्दीचा आरंभ झाला, राष्ट्रीय हौशी स्पर्धेचे पहिले जेतेपद त्याला येथेच मिळाले आणि तिचा शेवटही येथेच झाला. या खेळाडूचे नाव रॉबर्ट टायर जोन्स ज्युनियर. जग त्यांना बॉबी जोन्स म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील वकील, आजोबा कापडगिरणीचे मालक. घर सुखवस्तू, पण मूल अशक्त. पहिली पाच वर्षे त्याला धड घन अन्न पचत नव्हते. मोकळ्या हवेत त्याची प्रकृती सुधारेल या आशेने कुटुंब उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेक येथे राहू लागले. शेजारीच गोल्फचे मैदान होते. तेथे स्कॉटलंडमधील कार्नुस्टी गावचे स्टुअर्ट मेडन हे व्यावसायिक प्रशिक्षक होते. छोटा बॉबी त्यांच्या मागे मागे फिरे आणि घरी येऊन त्यांच्या फटक्याची हुबेहूब नक्कल करी. कुणी त्याला बसवून पाठ असे दिलेच नाहीत. पुढे ज्या लयदार स्विंगवर दोन्ही खंडांतील समीक्षक लुब्ध झाले, तो अशा नकलेतून आलेला होता.

१९१६ साली जॉर्जिया राज्याची हौशी स्पर्धा जिंकल्यावर चौदा वर्षांच्या बॉबीला एका कुटुंबस्नेह्याने उत्तरेला नेले. राष्ट्रीय हौशी स्पर्धा त्या वर्षी मेरियनवर होती. तोपर्यंत इतका लहान खेळाडू या स्पर्धेत कधी उतरला नव्हता. दक्षिणेतील जाड, मंद बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर वाढलेल्या या मुलाने उत्तरेकडचे बारीक, निसरडे, वेगवान गवत प्रथमच पाहिले. पात्रता फेरीचा पहिला भाग शेजारच्या वेस्ट कोर्सवर होता. तेथे त्याने ७४ फटक्यांत फेरी संपवली आणि सकाळच्या यादीत तो सर्वांच्या वर होता. ही बातमी पसरताच दुपारी प्रेक्षकांचा लोंढा ईस्ट कोर्सवर त्याच्यामागे धावला. तेथे त्याला ८९ फटके लागले. एवढ्या लोकांच्या नजरा पाठीवर घेऊन खेळण्याची त्याला सवय नव्हती, आणि ईस्ट कोर्स तर नवख्याला दयामाया दाखवणारा नव्हताच.

तरीही तो पात्र ठरला. पहिल्या सामन्यात त्याची गाठ पडली १९०६ सालचे विजेते एबेन बायर्स यांच्याशी. दोघेही शीघ्रकोपी. फटका चुकला की बायर्स आपली काठी भिरकावीत, आणि पुढच्या चुकीला बॉबीची काठी हवेत जाई. मागून खेळणाऱ्यांना हा काय प्रकार आहे, हे कळेना. बायर्स यांच्या काठ्या आधी संपल्या म्हणून आपण जिंकलो, असा विनोद जोन्स पुढे स्वतःच करीत. दुसराही सामना त्याने जिंकला. तिसऱ्यात मात्र गतविजेते रॉबर्ट गार्डनर यांनी त्याला हरवले. वृत्तपत्रांना नवा चमत्कार सापडला, आणि अटलांटातल्या एका शाळकरी मुलावर देशाच्या अपेक्षांचे ओझे चढले.

त्यानंतरची सात वर्षे कोरडी गेली. जोन्स यांच्या चाहत्यांना या काळाविषयी बोलायला फारसे आवडत नाही, पण त्यांचे चरित्र खरे घडले ते याच वर्षांत. त्यांच्याकडे फटके सगळे होते. स्वतःवर ताबा मात्र नव्हता. एखादा फटका बिघडला की तो विसरणे त्यांना जमत नसे, आणि मग त्या एका चुकीतून पुढच्या चार चुका जन्म घेत. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जगद्विख्यात ओल्ड कोर्सवर ते ब्रिटिश खुली स्पर्धा खेळत होते. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना ४६ फटके लागले. अकराव्या होलवर चेंडू बंकरात रुतला. काही फटके मारूनही तो बाहेर येईना. जोन्स यांनी चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडली. गोल्फच्या पंढरीत केलेले हे वर्तन त्यांना जन्मभर सलत राहिले. त्याच वर्षी मायदेशी एका स्पर्धेत त्यांनी रागाने फेकलेली काठी उसळून प्रेक्षकांतील एका महिलेच्या पायाला लागली. स्वभावाला आवर घालता येत नसेल तर यापुढे आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही, असे पत्र राष्ट्रीय संघटनेने त्यांना पाठवले.

पत्राचा परिणाम झाला. त्याहून अधिक परिणाम बहुधा वयाचा आणि अभ्यासाचा झाला असावा. कारण या काळात ते केवळ गोल्फ खेळत नव्हते. १९२२ साली त्यांनी जॉर्जिया टेकमधून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९२४ साली हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची. पुढे एमरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि तो पूर्ण होण्याआधीच वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते वडिलांच्या पेढीत रुजू झाले. वर्षातील बरेच महिने ते काठीला हातही लावीत नसत. सुट्टी मिळेल तेव्हा खेळणाऱ्या या तरुणाने आयुष्यभर दररोज हेच काम करणाऱ्या व्यावसायिकांना हरवावे, याचे लोकांना विशेष कौतुक वाटे.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हौशी राहणे ज्याला परवडते तोच हौशी राहू शकतो. वॉल्टर हेगन किंवा जीन सॅराझेन यांनी कॅडी म्हणून इतरांच्या पिशव्या वाहत हा खेळ शिकला. त्यांना बक्षिसाच्या रकमेवर घर चालवायचे होते. त्या काळातील अनेक क्लबांत व्यावसायिक खेळाडूला मुख्य इमारतीत प्रवेशही नसे. जोन्स मात्र त्याच इमारतीच्या दारातून सभ्य गृहस्थ म्हणून आत जात. त्यांचे मोठेपण असे की, या सवलतीची किंमत त्यांनी चोख चुकवली. १९२७ साली अटलांटातील चाहत्यांनी त्यांना घर घेण्यासाठी ५०,००० डॉलर दिले होते. हौशी दर्जाला ते बाधक ठरेल असे राष्ट्रीय संघटनेचे मत पडताच त्यांनी ती रक्कम परत केली.

१९२३ साली न्यूयॉर्कजवळील इनवुड येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा जिंकून त्यांनी कोंडी फोडली. पुढच्या वर्षी ते पुन्हा मेरियनवर आले. आठ वर्षांपूर्वीचा काठ्या फेकणारा मुलगा आता बावीस वर्षांचा, नुकताच विवाहित पुरुष होता. हौशी स्पर्धेतील सामने एकेका होलच्या जय-पराजयावर ठरतात. जोन्स यांना एक साधी युक्ती सापडली होती. समोरच्या माणसाकडे पाहायचेच नाही, खेळायचे ते मैदानाच्या पारविरुद्ध. प्रतिस्पर्ध्याचा अद्भुत फटका किंवा घोडचूक, दोन्ही मनावर घ्यायची नाहीत. मेरियनसारख्या मैदानावर या युक्तीला विशेष बळ येते, कारण तेथे अविचारी हल्ला करणारा स्वतःच्याच हाताने हरतो. उपान्त्य सामन्यात त्यांनी फ्रान्सिस विमेट यांना दहा होल शिल्लक असताना अकरा होलनी मागे टाकले. १९१३ साली ब्रिटिश दिग्गजांना नमवून अमेरिकेत गोल्फची लाट आणणारे विमेट ते हेच. अंतिम सामन्यात जॉर्ज व्हॉन एल्म यांचाही तसाच निकाल लागला. आठ होल उरले असताना जोन्स नऊनी पुढे होते.

राग गेला होता असे मात्र समजू नये. तो आत वळला होता. मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात त्यांना अन्न जात नसे, वजन कित्येक पौंडांनी उतरे, रात्री झोप लागत नसे. बाहेरून शांत दिसणारा हा माणूस प्रत्येक विजयाची किंमत शरीराने चुकवीत होता. अटलांटाचे पत्रकार ओ. बी. कीलर जवळजवळ सर्व मोठ्या स्पर्धांना त्यांच्याबरोबर असत. जोन्स यांच्या ताणाचे वर्णन जगाला मुख्यतः त्यांच्यामुळे कळले. ते वार्ताहर होते आणि मित्रही, त्यामुळे त्यांच्या लेखनात टीका शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

१९२५ सालची वुस्टर येथील घटना प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत उंच गवतातून फटका मारण्याच्या तयारीत असताना आपला चेंडू किंचित हलला, असे जोन्स यांना दिसले. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. पंचांनी चौकशी केली, कुणीच दुजोरा देईना. जोन्स यांनी हट्टाने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि जादा फेऱ्यांत विली मॅकफार्लेन जिंकले. तो एक फटका नसता तर जेतेपद जोन्स यांचेच होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची स्तुती करणाऱ्यांवर ते वैतागत. बँक न लुटल्याबद्दल कुणाचे अभिनंदन करीत नाहीत, तसेच हे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मग आले १९३०. त्या काळी चार स्पर्धा सर्वोच्च मानल्या जात. ब्रिटनची हौशी व खुली, अमेरिकेची खुली व हौशी. चारही एकाच वर्षी जिंकणे कुणाच्या कल्पनेतही नव्हते. जोन्स यांनी मात्र मनाशी तसा बेत आखला असावा. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी सेंट अँड्र्यूजवर ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली. एकेका सामन्याच्या लहरीवर चालणारी ही स्पर्धा तोवर त्यांना सतत हुलकावणी देत आली होती. जूनमध्ये होयलेकला खुली स्पर्धा. जुलैमध्ये मिनियापोलिसजवळ इंटरलाकेन येथे भीषण उकाड्यात अमेरिकी खुली. तेथे एका फेरीनंतर घामाने भिजलेल्या त्यांच्या टायची गाठ सुटेना, ती कीलर यांना चाकूने कापावी लागली. न्यूयॉर्कने त्याआधीच त्यांची रस्त्यावरून कागदी फितींच्या वर्षावात मिरवणूक काढली होती. चौथी स्पर्धा सप्टेंबरमध्ये होती, मेरियनवर.

आठवडाभर आर्डमोरच्या शांत रस्त्यांवर जत्रा भरली. देश आर्थिक मंदीच्या खाईत घसरत होता. चांगली बातमी ऐकायला लोक आसुसलेले होते, आणि ती एका अठ्ठावीस वर्षांच्या वकिलाकडून येण्याची शक्यता होती. गर्दी इतकी अनावर, की जोन्स यांच्याभोवती अमेरिकी मरीन सैनिकांचे कडे करावे लागले. पात्रता फेऱ्यांत ते १४२ फटक्यांनिशी सर्वांत पुढे राहिले. नंतरचा एकही सामना चुरशीचा झाला नाही. मैदान त्यांना पाठ होते. कोणत्या होलवर लांब फटक्याचा मोह आवरायचा, कोणत्या ग्रीनवर चेंडू चढाच्या खालीच ठेवायचा, खाणीच्या कड्यांवरून जाणाऱ्या शेवटच्या होलपर्यंत सामना जाऊच का द्यायचा नाही, हे त्यांनी चौदाव्या वर्षी ८९ फटके मोजून शिकायला सुरुवात केली होती.

२७ सप्टेंबरला छत्तीस होलच्या अंतिम सामन्यात समोर युजीन होमन्स होते. सकाळच्या फेरीअखेर जोन्स सात होलनी पुढे. दुपारी सामना अकराव्या होलपर्यंत रेंगाळला. हा होल पावणेचारशे यार्डांच्या आतला, कागदावर अगदी निरुपद्रवी. टीवरून चेंडू उतारावर सोडायचा, मग छोटासा दुसरा फटका. पण ग्रीनला बॅफलिंग ब्रुक नावाचा ओढा वळसा घालून जातो, आणि जरा लांब किंवा तिरपा गेलेला चेंडू थेट पाण्यात. चारच वर्षांनी याच ओढ्यात सॅराझेन यांनी खुल्या स्पर्धेचे जेतेपद बुडवले. येथे त्यांना सात फटके लागले आणि अखेरीस ते एका फटक्याने हरले. जोन्स यांचा दुसरा फटका ग्रीनवर स्थिरावला. त्यांचा लांबचा पट भोकाशी येऊन थांबला. सामना जिवंत ठेवायचा तर होमन्स यांना आपला पट घालणे भाग होते. चेंडू भोकाच्या बाजूने गेला, आणि तो थांबण्याआधीच होमन्स हात पुढे करून चालू लागले होते. सुमारे अठरा हजारांचा जमाव ग्रीनवर धावला. मरीन सैनिकांनी जोन्स यांना कसेबसे क्लबच्या इमारतीपर्यंत पोहोचवले. ब्रिज या पत्त्यांच्या खेळातला ग्रँड स्लॅम हा शब्द तेव्हापासून गोल्फच्या कोशात गेला.

सात आठवड्यांनी, १७ नोव्हेंबरला, त्यांनी स्पर्धात्मक गोल्फमधून निवृत्ती जाहीर केली. सात वर्षांत तेरा मोठी जेतेपदे, आणि वय अठ्ठावीस. आता सिद्ध करण्याजोगे काही उरले नव्हते, आणि पोटात अन्न न ठरणारे ते आठवडे त्यांना पुन्हा नको होते. पत्नी मेरी, मुले, वकिली यांच्यासाठी त्यांनी मैदान सोडले. हौशीपणाचे बंधन सुटल्यावर मात्र त्यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी शिकवणीचे लघुपट केले, आपल्या नावाच्या काठ्या बाजारात आणल्या आणि पैसाही चांगला मिळवला. त्यात वावगे काही नव्हते. जे इतरांनी खेळत असताना केले, ते यांनी थांबल्यावर केले.

जॉर्जियातील ऑगस्टा येथे एका जुन्या रोपवाटिकेच्या जमिनीवर, क्लिफर्ड रॉबर्ट्स आणि मैदानरचनाकार ॲलिस्टर मॅकेंझी यांच्यासह त्यांनी ऑगस्टा नॅशनल उभारले. १९३४ साली तेथे सुरू झालेली स्पर्धा आज मास्टर्स म्हणून ओळखली जाते. गोल्फला त्यांनी दिलेली ही सर्वांत देखणी देणगी, आणि त्यांच्या नावावरची सर्वांत जड सावलीही. दीर्घ काळ तेथे कृष्णवर्णीय माणसाला पिशवी उचलण्यापुरती जागा होती. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ साली. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो १९९० साली. स्वतःच्या एका न दिसलेल्या चुकीसाठी जेतेपद सोडणाऱ्या माणसाच्या हयातीत हे बदलले नाही.

दुसऱ्या महायुद्धात, चाळिशी ओलांडलेली असूनही, त्यांनी हवाई दलात सेवा केली आणि १९४४ साली ते नॉर्मंडीत उतरले. १९४८ साली मान आणि हात दुखू लागले, पाय अडखळू लागले. त्या वर्षी ईस्ट लेकवर त्यांनी आयुष्यातील शेवटची फेरी खेळली. शस्त्रक्रिया झाल्या, पण उतार पडला नाही. सिरिंगोमायलिया या दुखण्याचे नेमके निदान व्हायलाही १९५६ साल उजाडले. त्यात मज्जारज्जूमध्ये द्रवाची पोकळी होऊन अवयव एकेक करून निकामी होत जातात, बुद्धी मात्र लख्ख राहते. आधी हातात काठी आली, पुढे पायांना पट्ट्या, मग चाकांची खुर्ची. ज्या हातांनी पटर इतक्या हळुवारपणे धरला, त्यांना शेवटी लेखणीही पेलवेना. तक्रार मात्र ते करीत नसत. दुखण्याचा विषय निघाला की ते शिताफीने बदलत.

१९५८ साली ते अमेरिकी संघाचे कर्णधार म्हणून सेंट अँड्र्यूजला गेले. ज्या गावात त्यांनी रागाने चेंडू उचलला होता, त्या गावाने त्यांना नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. त्यांच्याआधी हा मान मिळालेले अमेरिकी गृहस्थ होते बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ साली. भर सभागृहात जोन्स आधार घेत व्यासपीठापर्यंत गेले आणि लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून बोलले. ते परत निघाले तेव्हा लोकांनी निरोपाचे जुने स्कॉटिश गीत म्हटले. ते पुन्हा येणार नाहीत, हे सर्वांनाच कळत होते.

जून १९७१ मध्ये राष्ट्रीय खुली स्पर्धा पुन्हा मेरियनवर भरली. ली ट्रेव्हिनो आणि जॅक निकलस यांना चार फेऱ्यांत मिळून बरोबर पारएवढेच, २८० फटके लागले, आणि जादा फेरीत ट्रेव्हिनो जिंकले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला अटलांटात जोन्स यांचे निधन झाले. सेंट अँड्र्यूजला बातमी पोहोचली तेव्हा ओल्ड कोर्सवरचा खेळ थांबला आणि क्लबचा ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आला. तेथील दहाव्या होलला आता त्यांचे नाव आहे. मेरियनच्या अकराव्या होलपाशी एक ताम्रपट आहे, १९३० सालच्या त्या दुपारची नोंद करणारा. अटलांटाच्या ओकलँड दफनभूमीत त्यांच्या साध्या दगडापाशी येणारे लोक फुलांऐवजी बहुधा गोल्फचे चेंडू ठेवून जातात.